सोजराबाईच्या राईतलं मोहोळ

१

चांगदेव भालेराव चिंचेच्या बुंध्याशी पालथे पडले होते आणि त्यांना उचलायला कुणी पुढं होत नव्हतं.

वैशाखी पौर्णिमेची दुपार होती. दौंडच्या कडेला, भीमनगरची वस्ती आणि नदी यांच्या मधे, सोजराबाईची राई आहे. आंबे, जांभळं, आणि मधोमध ती प्रचंड चिंच. दरवर्षी या दिवशी सगळं भीमनगर त्या चिंचेखाली जमायचं. वंदना व्हायची, खीर व्हायची, पोरं सावलीत हुंदडायची. या वर्षी मात्र खिरीचं पातेलं कलंडलेलं होतं आणि माणसं राईबाहेर लांब उन्हात उभी होती. कुणाच्या डोक्यावर पोतं, कुणाच्या अंगावर गोधडी. कुणाचा डोळा सुजून मिटला होता, कुणाचा ओठ. पोरं रडून रडून गप्प झाली होती.

वर चिंचेच्या जाड फांदीला आग्या मोहोळ लोंबत होतं. लांबून ते जळक्या कातड्यासारखं दिसत होतं. मधेच त्याच्यावरून एक लाट सरकायची आणि त्यासरशी उन्हातली माणसं दोन पावलं मागं व्हायची.

फौजदार मच्छिंद्र सरोदे जीपमधून उतरला, वर पाहिलं आणि त्याच्या तोंडाला कोरड पडली. लहानपणी मांडवगण फराट्याला त्यानं एक बैल माश्यांनी बांधल्या जागी मारलेला पाहिला होता. त्याचं ते हंबरणं पुढं किती तरी महिने त्याच्या कानात होतं. पण अंगावर खाकी होती, आणि समोरच्या गर्दीत त्याची सख्खी आत्या ताईबाई उभी होती. तिनं स्वतःच्या अंगावरची घोंगडी काढून त्याच्यापुढं धरली.

"जा बाबा. माणूस असा उघड्यावर पडलाय."

घोंगडी पांघरून तो वाकून आत गेला. डोक्यावरची ती घूंऽऽ थांबत नव्हती. चांगदेवांच्या पोटाखाली सतरंजी होती. तिच्याखाली त्यांनी पोरं झाकली होती, ती त्यांच्या अंगाखालून सरकत बाहेर पळाली होती. मच्छिंद्रनं काखेत हात घालून त्यांना ओढलं. घोंगडीवर टप्‌ टप्‌ काहीतरी आपटत होतं. बाहेर आला आणि तो खालीच बसला.

"खिरीच्या धुरानं माशा उठल्या," जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं.

"न्हाई," ताईबाई म्हणाली. "चूल आमी राईभायेर मांडली हुती. धूर नदीकडं चालला हुता. म्या सोता लाकडं सारत हुते."

चांगदेवांची बायको अंजना नवऱ्याच्या पायाशी बसली होती. ती अजून रडली नव्हती. मान खाली घालूनच ती बोलली.

"आधी वर टप्प झालं. फळ फुटल्यागत. आन् मोहळाचा तुकडा खाली पडला. मग समदं काळं झालं."

"तुकडा? कुठंय तो?"

तिनं नुसतं बोट केलं. तुकडा तिथंच होता, चिंचेखाली, मोहोळाच्या अगदी सावलीत.

२

ही काही पहिली वेळ नव्हती. महिनाभरात राईतल्या माश्या आधीही दोनदा उठल्या होत्या. एकदा बायका पडलेल्या कैऱ्या वेचत होत्या तेव्हा, आणि एकदा नदीवरून धुणं घेऊन सावलीला टेकल्या होत्या तेव्हा. दोन्ही वेळा निभावलं होतं. आता माणूस गेला, आणि दौंडात एकच बोलणं सुरू झालं: राई माणसं खायला लागली, तोडून टाका.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गारव्यात माश्या सुस्त असतात म्हणून, मच्छिंद्र पुन्हा राईकडं गेला. सोबतचा शिपाई बांधावरच थांबला. "साहेब, मला पोरंबाळं हायेत," एवढंच तो म्हणाला आणि मच्छिंद्रनं त्याला आग्रह केला नाही.

राईत चिटपाखरू नव्हतं. एरवी या वेळी बायका पाण्याला जायच्या, म्हातारी माणसं तंबाखू मळत बसायची. आता नुसता पाचोळा. प्रत्येक पावलाला तो चुरचुरत होता आणि प्रत्येक वेळी मच्छिंद्रला वाटत होतं, वर ऐकू गेलं. चिंचेखाली पोचल्यावर त्यानं श्वास धरून मान वर केली. मोहोळाची नदीकडची कड गोल, शाबूत होती. दुसऱ्या बाजूची कड तुटली होती. त्या बाजूला झाडांच्या फटीतून नव्या कॉलनीची घरं दिसत होती.

पाचोळ्यात पडलेला मेणाचा तुकडा त्यानं रुमालात उचलला. मुंग्या लागल्या होत्या. एक चुकार माशी त्याच्या मनगटावर बसली, चालली, थांबली. तो हलला नाही. घामाची धार कपाळावरून डोळ्यात उतरली तरी हलला नाही. माशी उडाली.

बांधावर येऊन त्यानं तुकडा दोन्ही हातांनी मोडला. मधात रुतून बसलेलं काहीतरी बोटाला लागलं. वाटाण्याहून बारीक, करडं, जड.

शिपायानं वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, ह्यो तर छर्रा."

कुणीतरी भरलेल्या राईत, पोराबाळांच्या डोक्यावर, मोहोळाला गोळी घातली होती.

३

नवी कॉलनी प्लॉट विकणाऱ्या साहेबरावानं वसवली होती. पूर्वी तिथं गायरान होतं. आता आखलेले प्लॉट, काही बांधलेली घरं, आणि राईच्या अंगाला काटेरी तार. साहेबरावाला राईही हवी होती. सोजराबाईच्या उंबऱ्यावर त्याच्या चपला झिजल्या होत्या, पण म्हातारी हलत नव्हती.

मच्छिंद्र सरळ त्याच्याकडंच गेला. राई बदनाम झाली तर फायदा याचाच, हे सांगायला फौजदार लागत नव्हता.

साहेबराव खाटेवर पडला होता. त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. गाल, कान, पापण्या सगळं सुजून एक झालं होतं.

"माझ्यावर संशय? बघा की माझ्याकडं! काल दुपारी पुण्याचं गिऱ्हाईक घेऊन म्या उघड्या प्लॉटवर हुतो. सहकुटुंब आल्यालं. माशा आल्या त्या थेट आमच्यावर. बाई बेशुद्ध पडली. ते लोक आता दौंडाचं नाव तरी घेतील का? साइटवर माझं गाढव बांधल्यालं हुतं, ते जाग्यावर मेलं."

"छऱ्याची बंदूक आहे तुमच्याकडं?"

साहेबरावानं सुजलेली मान वळवली.

"हाय. वानरं लई येत्यात. साइटवरच्या खोलीत आसती. राखणदार हाय ना म्हस्कू, त्याच्या ताब्यात."

साइटवरची खोली उघडीच होती. चुलीवर भाकरी करपून कोळसा झाली होती. खुंटीवर म्हस्कूचा सदरा होता, कोपऱ्यात काठी होती. बंदूक नव्हती.

आणि म्हस्कूही नव्हता.

४

कॉलनीच्या राईकडच्या टोकाला शेवटचं घर आनंदरावांचं. म्हस्कूचा शोध चालू असताना, दोन दिवसांनी, मच्छिंद्र तिथं गेला. शेतकी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, पांढरा लेंगा, पांढरा सदरा. त्यांच्या अंगणात पाय ठेवला की गार वाटायचं, इतकी झाडं. गॅलरी राईवर उघडत होती आणि तिथून चिंच अगदी हाकेच्या अंतरावर दिसत होती.

"या, फौजदारसाहेब. फार वाईट झालं," आनंदराव म्हणाले. "पण एक विनंती आहे. लोक राई तोडा म्हणतायत, तेवढं होऊ देऊ नका. झाडांचा काय दोष? त्या चिंचेचं वय माझ्या आजोबांच्या वर आहे. मी तहसीलदारांना भेटून आलो. साहेबरावाशी तर माझं रोज भांडण. रोज सकाळी साइटवर जातो, म्हस्कूच्या हातचा चहा घेतो आणि सांगतो, तार मागं घ्या, मुळं दुखावतात."

"तुम्ही राईत जाता?"

"रोज पहाटे. आम्ही कॉलनीतले चार-सहा जण फिरायला जातो. काय हवा असते! माश्यांनी आम्हाला आजवर कधी त्रास दिला नाही. शांत गेलं, शांत आलं, तर त्या कशाला उठतील?" त्यांनी सुस्कारा सोडला. "आरडाओरडा, धूर, फांद्या ओढणं. तुम्हीच बघा. मुकी जनावरंसुद्धा किती सोसतील?"

मच्छिंद्रनं चिंचेकडं नजर वळवली. ताईबाईच्या वस्तीविषयी अशी बोलणी त्यानं दौंडात आणि दौंडाबाहेर पुष्कळ ऐकली होती. छऱ्याविषयी त्यानं अवाक्षर काढलं नाही.

सारजाबाई, आनंदरावांची बायको, चहा घेऊन आल्या. गॅलरीत आकड्याला पिंजरा होता आणि त्यातला पोपट फौजदाराकडं एका डोळ्यानं बघत होता.

"हा बरा वाचला," मच्छिंद्र म्हणाला. "पलीकडं गाढव मेलं म्हणे."

"तेच म्हणते मी, नशीब राघूचं!" सारजाबाई म्हणाल्या. "एरवी दिवसभर इथंच असतो. आत घेतला की ओरडून घर डोक्यावर घेतो. पण त्या दिवशी यांनीच..."

"अगं, बिस्किटं आण ना," आनंदराव म्हणाले.

सारजाबाई आत गेल्या. तेवढ्यात शिपाई सायकल मारत आला. घामानं निथळत होता.

"साहेब, म्हस्कू घावला. खुटबावला भैनीकडं लपलाय. पर त्यो दार उघडंना. आतनं म्हंतोय, मला बी मारत्याल."

५

खुटबावच्या त्या घरात भरदिवसा काळोख होता. दार-खिडकी सगळं लावलेलं. बरंच समजावल्यावर म्हस्कूनं कडी काढली, पण उंबऱ्याबाहेर आला नाही. त्याच्याही मानेवर, हातांवर गांधी उठल्या होत्या.

"म्या न्हाई केलं, साहेब. आईची आण. गाढव सोडवाय गेलो, तर माझ्यावरच तुटून पडल्या. पाण्याच्या टाकीत बुडून ऱ्हायलो म्हनून जितं हाय."

"मग पळालास का?"

"बंदूक माझ्या ताब्यात. आन् बंदूकच न्हाई."

"केव्हापासून?"

"ठाव न्हाई. महिना झाला आसंल, जास्ती आसंल. मालकाला सांगितलं न्हाई, कामावरनं काढील म्हनून. पौर्णिमेच्या दिशी माशा उठल्या तवा माझ्या ध्यानात आलं. पयल्या येळेला बी, दुसऱ्या येळेला बी, आधी कॉलनीकडनं फट् आवाज आल्याला. म्या त्यो आवाज वळखतो." त्यानं दाराला घट्ट धरलं. "साहेब, ज्याच्यापाशी बंदूक हाय त्याला ठाव हाय की मला ठाव हाय. मला हितंच ऱ्हाऊ द्या."

परतीच्या वाटेवर मच्छिंद्र विचार करत होता. साहेबरावानं स्वतःच्या गिऱ्हाइकावर माश्या कशाला सोडल्या असत्या? म्हस्कूनं गोळी घातली असती तर तो उघड्यावर गाढवापाशी धावला नसता. सोजराबाई? राई तिची, माणसं नको असली तर हाकलायला तिला शब्द पुरला असता. शिवाय त्या दुपारी ती खिरीला गूळ घेऊन आली होती आणि अंजनाच्या शेजारीच बसली होती. तिच्याही पाठीतून काटे काढावे लागले होते. मग उरलं कोण? राई कुणाला तोडायची आहे, हा प्रश्न तो सारखा उलटसुलट करत होता आणि दर वेळी साहेबरावापाशीच येऊन थांबत होता.

भीमनगरात पोचला तर समाजमंदिरापुढं गर्दी.

"उद्या चांगदेवाचं पुण्यानुमोदन," ताईबाईनं सांगितलं. "आन् ते चिंचंखालीच करायचं ठरलंय."

"आत्या, काय बोलताय! ज्यानं गोळी घातली तो अजून मोकळा आहे. बंदूक त्याच्याकडंच आहे."

"मग? भिऊन घरात बसायचं? कुठल्या घरात?" ताईबाईचा आवाज चढला. "आधी गायरान गेलं, तितं कॉलनी झाली. वढ्याकडची जागा गेली, तितं गोदाम झालं. चारी अंगानी गाव आमच्यावर चढलंय, मच्छिंद्रा. पत्र्याची घरं, उन्हाळ्यात आत पोरं भाजून निघत्यात. एवढी एक सावली उरलीय. आज न्हाई गेलो तर परत कवाच जायाचं न्हाई."

"मी भीते," अंजना मागून म्हणाली. सगळे तिच्याकडं वळले. "लई भीते. डोळा मिटला की तीच घूं ऐकू येती. पर हे जितं पडले तितंच मला बसायचंय."

मच्छिंद्रनं पुष्कळ समजावलं. शेवटी एवढंच मान्य झालं: पोरं आणि म्हातारी माणसं समाजमंदिरात थांबतील, मोजकी मोठी माणसं घोंगड्या घेऊन जातील. आणि सगळ्यांनी बाहेर सांगायचं, फौजदार म्हस्कूला धरायला खुटबावला गेलाय, उद्यापर्यंत येत नाही.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी चिंचेखाली जी माणसं बसली, त्यांतला एक धोतर नेसून, डोक्यावरून घोंगडी घेऊन, नदीकडं पाठ करून बसला होता. तो मच्छिंद्र होता. झाडांच्या फटीतून त्याला कॉलनीची घरं दिसत होती. साहेबरावाच्या दाराशी आणि साइटवर त्यानं साध्या कपड्यातले शिपाई ठेवले होते.

वर मोहोळ जिवंत होतं. वंदनेचा आवाज थांबला की त्याची घूं ऐकू यायची. ताईबाईचा हात त्याच्या हाताला लागला. तो बर्फासारखा होता. एवढ्या उन्हात.

त्यानं नजर घरांवरून फिरवली. साहेबरावाचं घर. अर्धवट भिंती. एका अंगणात वाळत घातलेली लुगडी. शेवटी आनंदरावांची गॅलरी, आकड्याला पिंजरा, पिंजऱ्यात हिरवा ठिपका.

अंजना बोलायला उभी राहिली. "आमचे हे..." म्हणाली, आणि चांगदेव पडले होते तिकडं बोट केलं.

मच्छिंद्रनं पुन्हा गॅलरीकडं पाहिलं.

पांढऱ्या बाहीतला एक हात बाहेर आला. त्यानं पिंजरा अलगद आकड्यावरून काढला आणि आत नेला. गॅलरीचं दार लागलं. शेजारची खिडकी लागली. लांबून पोपटाचं कर्कश ओरडणं ऐकू आलं.

सारजाबाईंचं बोलणं त्याला आठवलं. "आत घेतला की ओरडून घर डोक्यावर घेतो. पण त्या दिवशी यांनीच..."

मच्छिंद्र गुडघ्यांवर उठला. गाढव मेलं, म्हस्कूला चावल्या, साहेबरावाचं तोंड सुजलं. माश्या येणार हे ज्यांना माहीत नव्हतं, ती सगळी बाहेर होती. एक पोपट तेवढा आधीच आत होता.

"घोंगड्या घ्या!" तो ओरडला. "नदीकडं पळा! अंजनाबाई, पळा!"

माणसं उठून धावली. तो उलट्या दिशेला, घरांकडं धावला. तारेत धोतर अडकलं, फाटलं. आनंदरावांच्या फाटकाशी पोचला तेव्हा खिडकीच्या फटीतून काळी नळी बाहेर आलेली त्याला दिसली.

फट्.

मागं, चिंचेवर, आभाळ फाटावं तशी घूं उठली.

त्यानं दारावर दोन्ही मुठी आपटल्या. "दार उघडा! सारजाबाई, दार उघडा!"

आतून आनंदरावांचा आवाज आला. "उघडू नको! माश्या आत येतील!"

पहिली माशी त्याला मानेवर चावली. मग कानामागं, मग पापणीवर. तो घोंगडीत तोंड खुपसून दाराशी मुटकुळं करून बसला. बैलाचं हंबरणं पुन्हा कानात यायला लागलं, आणि थोड्या वेळानं त्याला कळलं, तो आवाज आपल्याच घशातून निघतोय.

"अहो, माणूस मरतंय दारात!" सारजाबाईंचा आवाज.

"उघडू नको सांगितलं ना!"

कडी वाजली. कुणीतरी त्याला दंडाला धरून आत ओढलं आणि दार धाडकन लावलं.

७

सारजाबाई चिमट्यानं त्याच्या मानेतले काटे काढत होत्या. आनंदराव खुर्चीत बसले होते. बंदूक मांडीवर आडवी, जणू ती कुणाची आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. पिंजऱ्यातला राघू ओरडून ओरडून दमला होता. बंद काचांवर माश्या आपटत होत्या.

"माझी माणसं नदीपर्यंत पोचली असतील तर तुमचं नशीब," मच्छिंद्र म्हणाला. एक डोळा मिटला होता, दुसऱ्यानं तो त्यांच्याकडं बघत होता. "मी चुकीचा प्रश्न विचारत होतो. राई कुणाला तोडायची आहे, असं विचारत होतो. तुम्हाला ती तोडायची नव्हती. तुम्हाला ती हवी होती. तुम्ही लोक पहाटे फिरायला जाता तेव्हा माश्या कधी उठल्या नाहीत. उठल्या त्या फक्त भीमनगरची माणसं सावलीला बसली की. म्हस्कूच्या खोलीत तुम्ही रोज चहाला जात होता, बंदूक तिथून उचलणं तुम्हाला अवघड नव्हतं. आणि माश्या येणार हे राघूला कळत नाही, आनंदराव. ते तुम्हाला कळत होतं."

आनंदरावांनी मान हलवली. नाही म्हणायला नाही, नुसतीच.

"मला कुणाला मारायचं नव्हतं. घाबरवायचं होतं. आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत काढलं मी. ही जागा घेतली ती त्या झाडांकडं बघून. आणि रोज काय बघायचं? धुणी, भांडी, पोरांचा कालवा. कोवळ्या फांद्या सरपणाला. म्हटलं एकदा-दोनदा माश्या उठल्या की येणं बंद होईल. झाडं वाचतील."

"कुणासाठी?"

आनंदरावांनी बंद खिडकीकडं पाहिलं.

"ही माणसं तुमच्या आधीपासून त्या सावलीत बसतायत. झाडं जगली ती त्यांच्या देखतच जगली. चांगदेव मेले. त्यांना चावल्या तेव्हा ते पोरांवर पालथे पडून होते. तुम्ही इथून बघितलं असेल."

"बघितलं," आनंदराव म्हणाले. "खिडकी लावून घेतली मी."

"आणि आज परत?"

"आज ती माणसं परत आली होती."

सारजाबाईंच्या हातातला चिमटा खाली पडला. त्या उठल्या आणि नवऱ्याकडं न बघता आतल्या खोलीत गेल्या.

नदीवरून निरोप आला तो सूर्य कलल्यावर. सगळी माणसं गळ्याएवढ्या पाण्यात घोंगड्या पांघरून उभी राहिली होती. चावलं सगळ्यांना होतं. गेलं कुणी नव्हतं.

८

आनंदरावांना नेल्यावर राईचा प्रश्न संपला, असं मच्छिंद्रला वाटलं होतं. तो संपला नव्हता.

साहेबराव दुसऱ्याच आठवड्यात सोजराबाईच्या दारात गेला. म्हातारीनं त्याला बसायला घोंगडं टाकलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "इकायची न्हाई. तुजी ती तार तेवढी मागं घे, न्हाईतर म्या कोयता घिऊन यीन." तार मागं गेली. मोहोळही पाऊस तोंडावर आल्यावर आपणहून उठून गेलं. फांदी रिकामी झाली.

तरीही राईत कुणी जाईना.

बायका नदीला लांबच्या वाटेनं जायला लागल्या. पोरांना बांधापलीकडं पाय टाकला तर मार बसायचा. कॉलनीतले फिरायला जाणारेही बंद झाले. पाडाचे आंबे पडून सडले, त्यांचा आंबूस वास वस्तीपर्यंत यायचा. सोजराबाई एकटीच काठी टेकत फिरायची. एकदा ती ठाण्यात येऊन मच्छिंद्रपुढं बसली.

"फौजदार, तुमी चोर धरला. पर माजी राई भरंल का वो परत?"

मच्छिंद्रनं तिच्यासाठी चहा सांगितला.

रविवारी तो सुट्टीच्या कपड्यांत भीमनगरात गेला. अंजनाच्या दारापुढं उभा राहिला. पत्र्याचं घर, दाराशीसुद्धा झळ लागत होती.

"जयभीम. मी राईत चाललोय," तो म्हणाला. "तुम्ही येता का, विचारायला आलो."

अंजनानं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग तिनं खुंटीवरची सतरंजी घेतली. ताईबाईनं बाहेर येऊन दोघांना पाहिलं आणि पायात वहाणा सरकवल्या. वाटेत दारादारातून बायका बघत होत्या. कुणी हाक मारली नाही.

चिंचेखाली अंजनानं सतरंजी पसरली. जिथं चांगदेव पडले होते तिथंच. तिघं बसली. कुठंतरी एक भुंगा गुणगुणला आणि मच्छिंद्रच्या मानेवरचे केस उभे राहिले. त्यानं वर पाहिलं. फांदी रिकामी होती. तरी त्यानं पुन्हा पाहिलं. ताईबाईनं पान लावून दिलं ते त्यानं हातातच धरलं.

ऊन तिरपं झालं. बांधाशी कुणीतरी उभं होतं. मग दोघी झाल्या. मग डोक्यावर धुण्याचं गाठोडं घेतलेली एक बाई बांध ओलांडून आली आणि पहिल्याच आंब्याखाली, पळायच्या बेतानं, उकिडवी बसली. तिच्या मागून आणखी दोघी-तिघी. चिंचेपर्यंत कुणी येत नव्हतं. सगळ्यांच्या माना वर होत्या.

मच्छिंद्रचं अंग घामानं भिजलं होतं. आता पुरे झालं, असं मनाशी म्हणून तो उठायला लागला.

"बसा आजून थोडं," अंजना हळूच म्हणाली. ती समोर बायकांकडं बघत होती. "तुमी उठलात की त्या बी उठतील."

तो बसून राहिला.